गडावरच्या तोफा नेमक्या कशावर बसायच्या? (नव्या सागवानी गाड्यांच्या निमित्ताने)

पायवाट_चुकली
मंडळी, नमस्कार. गेल्या रविवारी बऱ्याच वर्षांनी घाटमाथ्यावरच्या एका गडावर गेलो. गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणाच्या कष्टांना नावं ठेवायचा हेतू नाही. पूर्वी तिथे तीन तोफा गवतात लोळत असायच्या. एकीवर तर लोक बसून डबा खायचे (मीही खाल्लाय, लपवत नाही). आता तिन्ही तोफा सागवानी गाड्यांवर चढवल्यात. चार बुटकी चाकं, लोखंडी पट्ट्या, वर चकचकीत पॉलिश. फोटो छान येतात.

सोबत भाचा होता, सातवीतला. तो म्हणाला, "मामा, एवढ्याशा चाकांवर ही डोंगर कशी चढली?" मी "बैल असतील" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर मलाच चैन पडेना. तिन्ही तोफा वेगळ्या, गाडे मात्र एकाच साच्यातले. मूळचे गाडे असेच असायचे का? तोफ उडाली की मागे येते म्हणतात, मग बुरुजावर एवढ्याशा जागेत ती कशी आवरायचे? आणि मुळात ते धूड वर न्यायचे कसे?

जाणकारांनी लिहावं. बैजवार लिहिलंत तर अजून बरं.

कट्टेकरी
खुर्ची टाकून बसलो आहे. येऊ द्या.

दर्यावर्दी
आमच्या धंद्याजवळचा विषय निघाला म्हणून लिहितो. बोटीवर हयात गेली.

तुम्ही सांगताय तो गाडा मूळचा जहाजावरचा. दोन बाजूंना जाड फळ्या, त्यांना वर अर्धगोल खाचा. त्या खाचांत तोफेचे कान बसतात. इंग्रजीत ज्याला ट्रनियन म्हणतात ते कान, नळीच्या मध्याच्या जरा पुढे दोन्ही बाजूंना निघालेले दंडगोल. सगळं वजन या दोन कानांवर तोललेलं. मागची बाजू थोडी जड ठेवतात, म्हणजे ती आपोआप खाली टेकते. तिच्याखाली लाकडी पाचर. पाचर आत ठोकली की बूड वर येतं आणि तोंड खाली जातं, बाहेर ओढली की उलट. नेम वर-खाली करायची सगळी यंत्रणा एवढीच.

चाकं लहान का? कारण हा गाडा प्रवासासाठी नाहीच. डेकवर चार-पाच फूट मागे यायचं आणि परत पुढे ओढायचं, एवढंच त्याचं काम. चाक मोठं असतं तर तोफ सुसाट मागे गेली असती. लहान चाक घासत, कुरकुरत जातं, तेच हवं असतं. शिवाय बुडाभोवतून जाड दोर घेऊन तो दोन्हीकडे जहाजाच्या भिंतीतल्या कड्यांना बांधलेला असतो, तोफ त्याच्यापलीकडे जाऊच शकत नाही.

तेव्हा भाच्याला सांगा, या चाकांवर ती डोंगर चढलेली नाही. चढली वेगळ्या वाटेने, बसली वेगळ्या गाड्यावर.

रानभैरी
म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या तोफा इंग्रजांच्या बोटीवरच्या गाड्यांवर बसवल्यात? हे म्हणजे नऊवारीवर बूट. निषेध!

दर्यावर्दी
@रानभैरी, थांबा जरा. किल्ल्यांसाठीही युरोपात असेच बुटके गाडे करत. आणि आपल्या गडांवर आज दिसणाऱ्या ओतीव लोखंडाच्या तोफांपैकी कितीतरी युरोपीय बनावटीच्याच आहेत. विकत घेतलेल्या, लुटलेल्या, जहाजं पकडून मिळवलेल्या. जलदुर्गांवर तर विचारूच नका. तिथे हा गाडा अगदीच परका म्हणता येणार नाही. मूळ तोफ कोणती हे बघून बोलायला हवं.

बुरुजबंद
दर्यावर्दीकाकांनी बोटीची बाजू मांडली, मी आमच्या पठाराची मांडतो. मी नळदुर्गाच्या बाजूचा. आमच्याकडे गाडा हा प्रकारच नाही म्हटलं तरी चालेल.

दख्खनच्या भुईकोटांवर, म्हणजे विजापूर, नळदुर्ग, परंडा या पट्ट्यात, मोठ्या तोफा बुरुजावर कायमच्या रोवलेल्या असत. बुरुजाच्या माथ्यावर फरसबंदीत एक भोक. त्यात लोखंडी बेचक्याचा देठ. गलोलीचं बेचकं असतं ना, तस्संच, फक्त माणसाच्या मांडीएवढं जाड. त्याच्या दोन शिंगांवर तोफेचे दोन कान. देठ भोकात फिरतो, म्हणून तोफ डावी-उजवीकडे फिरते, आणि कानांवर झुलते, म्हणून वर-खाली होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत दख्खनमध्ये चांगलीच रुळली होती.

विजापूरचा उपळी बुरूज बघा. १५८३-८४च्या सुमाराचा, सुमारे ८० फूट उंच, तटापासून सुटा उभा. वर दोन लांब लोखंडी तोफा, त्यातली मोठी ३० फुटांच्याही वर. नळदुर्गाच्या उपळ्या बुरुजावरही दोन आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. एवढ्या उंच बुरुजावर तोफेला खिडकी लागतच नाही. कठड्यावरून तोंड काढायचं आणि वाटेल त्या दिशेला वळवायचं.

लहानपणी आम्ही अशा एका भोकात गोट्या टाकायचो. त्याची कड आतून गुळगुळीत झालेली, बोट फिरवलं तर काच वाटावी. ते लोखंडाने घासून झालंय हे कळायला मला वयाची तिशी उजाडली.

जरा_हटके
माझा गोंधळ झालाय. तोफेला कान असतात आणि काना पण असतो ना? वेलांटी, उकार, मात्रा कुठे असते?

शिळाप्रेस
@जरा_हटके, हसू आलं, पण शंका रास्त आहे. कान म्हणजे वर सांगितलेले दोन दांडे. काना म्हणजे बुडाशी वरून नळीत जाणारं बारीक भोक, बत्ती द्यायची जागा. त्यात रंजक भरायची, म्हणजे अगदी बारीक दळलेली दारू. तिला जामगी, म्हणजे सावकाश जळणारी वात, लावली की आग भोकातून आत जाते आणि मुख्य दारू पेटते. उकार गोलंदाजाच्या तोंडून निघत असावा, पाय मध्ये आला की.

कट्टेकरी
खी खी खी

गणितमास्तर
मूळ प्रश्नातल्या "मागे येते" या भागाबद्दल. कागदावर मांडून पाहू.

गोळा ६ पौंडी, म्हणजे सुमारे २.७ किलो. तोंडातून निघताना वेग सेकंदाला ४५० मीटर धरू, त्या काळच्या तोफांसाठी तो अवाजवी नाही. गुणाकार १२१५. तोफ आणि गाडा मिळून ११०० किलो धरले, तर तोफ सेकंदाला मीटरभराहून थोड्या जास्त वेगाने मागे येईल. गोळ्यामागून जो पेटलेला वायू भसकन बाहेर पडतो त्याचाही धक्का असतो, तो धरला की दीड मीटरच्या पुढे. म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. फक्त माणूस ११०० किलोचा.

आता @बुरुजबंद यांना प्रश्न. चाकांचा गाडा मागे सरकून धक्का जिरवतो. तुमचं बेचकं तर जमिनीत रोवलेलं. मग धक्का जातो कुठे? देठ वाकायला हवा, नाहीतर फरशी उखडायला हवी.

बुरुजबंद
मास्तर, म्हणूनच मागे भिंत असते. तोफेच्या बुडामागे अर्धगोल जाडजूड दगडी भिंत, तिच्या वर्तुळाचा मध्य म्हणजे ते भोक. तोफ कुठेही वळवा, बूड आणि भिंत यांतलं अंतर तेवढंच राहतं. त्या फटीत लाकडी ठोकळे ठासायचे. धक्का लाकडातून भिंतीत आणि भिंतीतून अख्ख्या बुरुजात. फटीत कोण उभं नाही ना, एवढं मात्र आधी बघायचं.

शिवाय या तोफा गोळ्याच्या मानाने राक्षसी जड. विजापूरची मुलुख मैदान सुमारे ५५ टनांची आहे. तुमच्याच गणितात ११००च्या जागी ५५,००० घाला, गोळा मोठा धरलात तरी.

गणितमास्तर
पटलं. वजन हाच तिचा दोर. भिंतीची युक्ती तर फारच सुंदर.

सदाशिव_पेठी_नाही
मुलुख मैदानचा विषय निघालाच आहे म्हणून. १५४९ साली अहमदनगरात महंमद बिन हुसेन रूमी नावाच्या उस्तादाने ती ओतली. तिचं तोंड म्हणजे हत्ती गिळणारा सिंह. पुढे परंड्यावर होती, तिथून १६३२च्या सुमारास विजापुरात आली. आणि १८५४ साली इंग्रजांनी निरुपयोगी माल म्हणून तिचा लिलाव काढला, तेव्हा सर्वांत मोठी बोली लागली १५० रुपयांची! लोकांची तिच्यावर श्रद्धा आहे आणि रक्कम अगदीच किरकोळ आहे, असं एका अधिकाऱ्याने वर कळवलं, म्हणून वाचली. नाहीतर आज तिच्या घंटा झाल्या असत्या. धातू तोच, बोटाच्या पेराने टकटक केलं तरी घुमते.

रानभैरी
तिच्या बुरुजावर पाण्याचा हौद आहे. बत्ती दिली की गोलंदाज त्यात उडी मारायचा, म्हणजे कानठळ्या बसून मरणार नाही, असं गाईडने सांगितलं.

दर्यावर्दी
हाच हौद मला चार किल्ल्यांवर चार गाईडांनी दाखवलाय. तोफेजवळ पाणी लागतंच हो! प्रत्येक बार झाला की ओल्या बोळ्याने नळी पुसून काढावी लागते. आत दारूच्या थैलीचा जळका तुकडा धुमसत राहिला आणि त्यावर नवी दारू ढकलली, तर गज ठासणाऱ्याचे दोन्ही हात गेलेच. हौद त्या बोळ्यासाठी असतो. बत्ती देऊन पळत जाऊन उडी मारेपर्यंत बार होऊनही जाईल, जामगी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

क्रम सांगतो, एकदा डोक्यात बसला की बुरुजावरची जागा का लागते ते कळतं. ओला बोळा. मग दारूची थैली, किंवा सुटी दारू असेल तर लांब दांड्याच्या तांब्याच्या पळीने आत सोडायची. मग गवताचा नाहीतर चिंध्यांचा बोळा, मग गोळा, परत बोळा. सगळं गजाने ठासायचं. कान्यातून सळई घालून थैली भोसकायची, रंजक भरायची, मग बत्ती. यातली पहिली सगळी कामं तोंडाकडून होतात, म्हणजे तटाच्या बाजूने. तोफ मागे आली नाही तर माणसाला तोंडापाशी पोचायला खिडकीतून बाहेर लोंबकळावं लागेल, शत्रूच्या बंदुकांसमोर. म्हणून सरकत्या गाड्यावर तोफेने मागे येणं ही अडचण नाही, सोय आहे. नळीइतकाच लांब गज आत घालायलाही पुढे तेवढीच मोकळी जागा लागते.

जरा_हटके
मग दिवसाला किती बार व्हायचे? मालिकांमध्ये तर धाड धाड धाड चालू असतं.

शिळाप्रेस
लहान तोफांचं वेगळं, पण थोराड तोफांचं काम फार सावकाश. बाबराने आठवणींमध्ये १५२८ साली गंगेवर पूल बांधताना उस्ताद अली कुलीने केलेल्या माऱ्याचे आकडे नोंदवलेत. एका दिवशी आठ दगडी गोळे, पुढे सोळापर्यंत. आणि हे तो कौतुकाने लिहितो! मधल्या वेळात तोफ थंड होऊ द्यायची, पुसायची, परत नेम धरायचा.

घाटवाटेचा_हमाल
धागा उशिरा बघितला. पहिल्या पोस्टमधला गड कोणता ते फोटो न बघताच ओळखलं, कारण त्यातली एक तोफ ओढणाऱ्यांत मी होतो. त्यामुळे नऊवारीवर बूट वगैरे वाचून जरा टोचलं. असो. लिहितो.

ती तोफ गडावर नव्हतीच. तटाखाली दीडशे फुटांवर दरडीत तोंड खुपसून पडली होती, पावसाळ्यात अंगावरून ओहोळ वाहायचा. आम्ही चाळीसजण, बहुतेक शनिवार-रविवारवाले. साधनं काय, तर काथ्याचा दोर, दोन कप्प्या, पहारी आणि खाली घालायला गोल ओंडके. तिकटी उभारून तोफ उचलायची, खाली ओंडके सरकवायचे, ओढायची, मागचा ओंडका काढून पळत पुढे आणायचा. सपाटीवर हे जमतं. चढावर एकेका हाताचं अंतर म्हणजे लढाई. प्रत्येक ओढीला मागे दगड अडकवणारा वेगळा माणूस लागतो, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. आमचा तो माणूस दुपारी पाणी प्यायला गेला. दोर ओला होता, गाठ सरकली, तोफ वीस फूट मागे गेली आणि एका ऐनाच्या झाडाला तटली. झाड नसतं तर खालच्या वाडीत गेली असती. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं येतं.

संध्याकाळी ती तटात आली तेव्हा कुणी घोषणा दिली नाही, सगळे नुसते जमिनीवर बसले. दीडशे फुटांना आख्खा दिवस.

गाडा कसा असावा हा विचार आम्ही केला नाही, हे कबूल. चित्र मिळालं, सुतार मिळाला, देणगी मिळाली, केला. मातीत गंजत होती, ती जमिनीपासून वर आली एवढंच आम्हाला कळत होतं.

रानभैरी
@घाटवाटेचा_हमाल, दादा, बूट मागे घेतो. मनापासून माफी. पुढच्या वेळी दोराला मी.

पायवाट_चुकली
दादा, म्हणूनच गडाचं नाव लिहिलं नव्हतं. दंडवत. पण आता तुम्हीच सांगा, चाळीसजणांची ही हालत, तर त्या काळी कसं करत असतील?

घाटवाटेचा_हमाल
तेच, फक्त माणसं जास्त आणि घाई कमी. तिकटी, तरफ, दोर, ओंडके यापलीकडे काहीच नव्हतं. सपाटीला बैल आणि हत्ती. डोंगराला माणूस. म्हणून तर डोंगरी गडांवर तोफा लहान दिसतात आणि मुलुख मैदानसारखी धुडं पठारावर.

सदाशिव_पेठी_नाही
बर्निये या फ्रेंच प्रवाशाने औरंगजेबाच्या जड तोफखान्याचं वर्णन केलंय. काही तोफांना वीस-वीस बैलजोड्या, आणि रस्ता खराब लागला की हत्ती डोक्याने नि सोंडेने चाकं रेटायचे. हे मैदानात! तोच तोफखाना पुढे सह्याद्रीत आणल्यावर काय दशा झाली असेल?

आणि उलट बाजूने नाशिकजवळचा रामशेज. मोगलांकडचा इतिहासकार खाफी खान लिहितो की गडावर लोखंडी तोफाच नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकूड पोखरून, त्यावर कातडं चढवून तोफा केल्या आणि त्या दहा तोफांचं काम द्यायच्या. शत्रूच्या बाजूचा माणूस लिहितोय, म्हणजे मार चांगलाच बसला असणार.

गणितमास्तर
लाकडी तोफेतून थोडी दारू आणि दगडगोटे उडवता येतील, पण त्यासाठी गाड्याची गरजच नाही. मातीत तिरकी पुरली की झालं. आणि फुटली तर दुसरी.

डोंगरी गडाची आणखी एक भानगड आहे. खाली नेम धरायचा तर तोंड खाली झुकवावं लागतं, आणि गोळा नळीपेक्षा थोडा लहान असतो, म्हणजे तो घरंगळून बाहेर! म्हणून दर्यावर्दीकाकांनी सांगितलेला तो शेवटचा बोळा गोळ्याच्याही पुढे ठासायचा. तरी अगदी पायथ्याशी बिलगलेल्या माणसाला तोफ मारूच शकत नाही. तिथे वरून लोटलेला धोंडा श्रेष्ठ.

जरा_हटके
जंजिऱ्याची कलाल बांगडी मुरूडच्याही पलीकडे दहा-बारा किलोमीटर मारायची म्हणे? आणि जयपूरजवळच्या जयगडची जयबाण तोफ पस्तीस?

गणितमास्तर
म्हणे. त्या काळची चांगली २४ पौंडी तोफ तोंड भरपूर वर करून दोन-तीन किलोमीटर टाकेल, पण ती कुठे पडेल हे देवाला माहीत. नेमाने मारायचं तर हजार मीटरच्या आतच. गोळा गुळगुळीत नळीत खडखडत पुढे जातो, शेवटी ज्या बाजूला घासेल तिथून थोडा वाकडा निघतो. बांगडी चांगली होती यात शंका नाही, पण गाईडला टीप दिली की पल्ला वाढतो.

कट्टेकरी
टीप आणि पल्ला यांचा आलेख काढा कुणीतरी.

शिळाप्रेस
अवांतर फार झालं, मूळ प्रश्नाकडे येतो. मराठ्यांच्या गडांवर काय पद्धत होती, याचा चांगला पुरावा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. त्यात गडावरच्या तोफांसाठी गाडे आणि चरख असे दोन्ही शब्द येतात. गज, तरफा, जामग्या, काने साफ करायची हत्यारं सगळं तोफेजवळ तयार असावं, असंही आहे. मला सर्वांत आवडतो तो पावसाळ्याचा भाग. तोफांना तेल-मेण द्यायचं, काने मेणाने भरायचे, वर झाकण घालायचं. दारूखाना घरांपासून लांब, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवायचं. चार महिने धुक्यात बसणाऱ्या गडावरचा माणूसच हे लिहू शकतो.

दारूखाना पेटला की काय होतं ते रायगडाने १८१८च्या मे महिन्यात पाहिलं. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून आलेला गोळा कोठारावर पडला आणि गड १० मेला गेला.

बुरुजबंद
चरख म्हणजे चाक, हे खरं. पण मग गाडा आणि चरख यांत फरक काय? माझा अंदाज, गाडा म्हणजे ने-आण करायचा मोठ्या चाकांचा आणि चरख म्हणजे जागेवर फिरणारा.

शिळाप्रेस
किंवा नेमकं उलट. फिरणारा चरख मला पटत नाही. तुम्हाला तुमचं बेचकं सगळीकडेच दिसतंय.

बुरुजबंद
😀 सवय. पण दौलताबादची मेंढा तोफ बघा, मोगली काळातली, तीही बुरुजाच्या मधोमध खुंटीवर फिरते.

शिळाप्रेस
ती फिरते याबद्दल वादच नाही. शब्दाबद्दल आहे. चालू ठेवू, घाई नाही.

माळरान_ताई
आमच्या गावच्या वेशीत एक तोफ उभी पुरलेली आहे, तोंड वर. तिला शेंदूर, दर अमावास्येला नारळ. आजी तिला "तोफाई" म्हणायची. तिचा एकच कान आहे आणि बुडाच्या भोकात काहीतरी लोखंडी अडकलंय. लहानपणी वाटायचं, देवीने तिचा कान कापला.

दर्यावर्दी
ताई, देवीने नाही. कान तोडणं आणि कान्यात खिळा ठोकणं, तोफ निकामी करायच्या या दोन जुन्या रीती. खिळा ठोकला की बत्ती देता येत नाही आणि कान गेला की गाड्यावर बसत नाही. किल्ला घेणाऱ्याला तोफ नेता येत नसेल, आणि मागेही सोडायची नसेल, तर हेच करतात. तुमची तोफाई लढाई बघून आलेली आहे.

माळरान_ताई
अंगावर काटा आला. उद्या आईला फोन करून सांगते.

पायवाट_चुकली
मंडळी, रजा टाकून परत जाऊन आलो. या वेळी भाचा, मोजपट्टी आणि टॉर्च. ऐका.

तोफ क्रमांक एक (हमालदादांची). पॉलिशखाली बुडाजवळ बोटाला खाच लागली. खडू फिरवल्यावर आकडे उमटले, १७-१-१४. पुढे पुसट मुकुट.

दर्यावर्दी
इंग्रजी तोफ! ते वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट, ११२ पौंडांचा. मधला पाव हंड्रेडवेट, २८ पौंडांचा. शेवटचा सुटे पौंड. १७ गुणिले ११२, अधिक २८, अधिक १४, म्हणजे १९४६ पौंड. सुमारे ८८३ किलो. तोंडाचा व्यास?

पायवाट_चुकली
गंज धरून साडेनऊ सेंटिमीटरच्या थोडा आत.

दर्यावर्दी
६ पौंडी. मास्तरांचं गणित नेमकं तुमच्याच तोफेचं निघालं. हिच्यापुरता गाडा बरोबर आहे हो.

घाटवाटेचा_हमाल
८८३ किलो. माझ्या अंगठ्याला सांगतो.

पायवाट_चुकली
थांबा, पुढे ऐका. दुसरी तोफ वेगळीच. ओतीव नाही, लांब पट्ट्या जोडून वरून कडी चढवलेली, गंजाने कडी सुटी झालीयेत, सांध्यात नख जातं. तिचे कान सुताराच्या खाचेत बसतच नाहीत, खाली रबराचे तुकडे घातलेत. आणि ज्या बुरुजावर ती ठेवलीय, तिथे गाड्याच्या दोन चाकांच्या मधोमध, पालापाचोळा बाजूला केल्यावर फरशीत वीतभर रुंद गोल भोक. भाच्याने हात घातला, कोपरापर्यंत गेला. कड गुळगुळीत.

आणि शेवटचं. नव्या गाड्यावर त्या तोफेचं तोंड कठड्यापेक्षा वीतभर खाली येतं. बत्ती दिली तर पहिला गोळा आपल्याच तटाला.

बुरुजबंद
भोकाचा फोटो टाका. आत्ता. मी ऑफिसात उभा राहून वाचतोय. मागे अर्धगोल भिंत आहे का?

पायवाट_चुकली
भिंत पडलीय, पण पायाचे दगड आहेत, कमानीसारखे. भोकाच्या मध्यापासून तीन ठिकाणी मापलं, अंतर जवळजवळ सारखंच. फोटो रात्री टाकतो, रेंज नव्हती तिथे.

गणितमास्तर
भाच्याला माझ्यातर्फे एक वही.

घाटवाटेचा_हमाल
चार वर्षांत किती वेळा त्या बुरुजावर झाडू मारलाय मी, गाड्याखाली वाकून कधी बघितलं नाही. दुसरी तोफ उतरवून त्या भोकावर बेचक्यात बसवता येईल का? आमच्याकडे एक लोहार आहे, काम चोख. बुरुजबंदभाऊ, नळदुर्गाच्या बेचक्याची मापं मिळतील का? शिंगांची जाडी आणि देठाची लांबी.

बुरुजबंद
शनिवारी जातो. पण लोहाराला लगेच काही सांगू नका. आधी पुरातत्त्व खात्याला अर्ज, फोटो आणि मापांसकट. भोकात सिमेंट घालायचं नाही, काहीही झालं तरी. आणि तोवर तोफेखालचं ते रबर काढा, त्यात पाणी साचून कान सडतील.

घाटवाटेचा_हमाल
रबर रविवारी काढतो. कान्यात मेणही भरून टाकतो, पावसाला महिनाच उरलाय. कोण कोण येतंय?

रानभैरी
मी. मागे दगड अडकवायला. पाणी आधीच पिऊन येतो.